परिषदेस जाण्यापूर्वी : वत्सगुल्म नगराचा परिचय

१

विद्वत्परिषदेचे अधिवेशन एखाद्या गावी भरावयाचे ठरले म्हणजे त्या गावाचा परिचय करून देण्याचे काम स्वागतमंडळाकडे येते, आणि ते बहुधा एका ठरावीक चाकोरीतून पार पडते. स्मरणिकेच्या आरंभी गावाच्या नावाची पौराणिक व्युत्पत्ती, त्यानंतर देवालयांची व तीर्थांची यादी आणि अखेरीस उतरण्याच्या ठिकाणांचे पत्ते, असा हा क्रम असतो. स्वागताध्यक्षांचे भाषणही ह्याच वळणाने जाते. प्रतिनिधी ते भाषण ऐकून घेतात, आपापले निबंध वाचतात व परत जातात. १८७८ साली पुण्यास भरलेले मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन, १९१९ साली तेथेच भरलेली प्राच्यविद्या परिषद आणि १९३५ साली पुण्यातच सुरू झालेली इतिहास परिषद ह्या तिन्ही परंपरांनी पुढे फिरत्या अधिवेशनांची रीत स्वीकारली. विद्येने राजधान्यांत अडकून न पडता गावोगाव जावे, हा ह्या फिरतीचा मोठा लाभ होय. परंतु विद्या गावी गेली आणि गाव मात्र तिला भेटले नाही, तर हा लाभ निम्माच पदरी पडतो.

यजमान नगराचा परिचय हा सौजन्याचा भाग आहेच. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तो त्याहून अधिक काही आहे. नगर हे स्वतःच एक साधन आहे, आणि अन्य साधनांप्रमाणे त्याचीही चिकित्सा करावी लागते. त्याच्याविषयी कोण बोलतो, केव्हा बोलतो आणि कोणत्या हेतूने बोलतो, हे प्रश्न विचारल्यावाचून नगराची थोरवी सांगणारी वाक्ये इतिहासात जमा करता येत नाहीत. ह्या दृष्टीने वाशीम नगराचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. वाशीम हे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होय, हे आज सर्वमान्य आहे. ब्रिटिश अमदानीत १९०५ सालापर्यंत ते जिल्ह्याचे ठाणे होते. पुढे अकोला जिल्ह्यात तालुक्याचे गाव म्हणून राहिले. आणि १ जुलै १९९८ पासून ते पुन्हा स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. अशा नगरी परिषदेस जाणाऱ्या अभ्यासकाने तेथील मांडवात पाऊल ठेवण्यापूर्वी काय वाचावे व काय पाहावे, ह्याचा विचार पुढे केला आहे.

२

वत्सगुल्माची जी स्तुती प्रत्येक स्वागतपर भाषणात येते, ती राजशेखराची होय. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेला हा कवी व शास्त्रकार कनोजच्या प्रतीहारांच्या आणि त्रिपुरीच्या कलचुरींच्या दरबारी वावरला. त्याचे यायावर घराणे मात्र मूळचे महाराष्ट्रातले. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ ह्या ग्रंथाचे प्रकाशन बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून १९१६ साली झाले. ह्या ग्रंथात काव्यपुरुषाची एक कथा आहे. सरस्वतीचा हा पुत्र रुसून निघून जातो. त्याला प्रेमाच्या बंधनात आणण्यासाठी गौरी साहित्यविद्या ही वधू निर्माण करते आणि ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. प्रथम ती दोघे पूर्व देशांत जातात, मग पांचाल, मग अवंती, आणि शेवटी दक्षिणेत. प्रत्येक देशात साहित्यविद्येचा वेष, तिचे नृत्यगीतादी विलास व तिची बोलण्याची ढब बदलते. आणि ह्या तिहींवरून राजशेखर प्रवृत्ती, वृत्ती व रीती ह्या तीन शास्त्रीय संज्ञा स्पष्ट करतो. आरंभी उदासीन असलेला काव्यपुरुष हळूहळू तिच्याकडे ओढला जातो. दक्षिणेत, जेथे वृत्ती कैशिकी व रीती वैदर्भी, तेथे तो पुरता वश होतो. विदर्भातील वत्सगुल्म ह्या नगरात त्यांचा गांधर्वविवाह होतो. हे नगर म्हणजे मदनाचे क्रीडास्थान, असे राजशेखराचे म्हणणे आहे.

ह्या कथेत परिषदेच्या प्रतिनिधीस उपयोगी पडणारी एक पद्धती दडलेली आहे. साहित्यविद्या कोणत्याही देशात जाऊन आपले तेच बोलत नाही. त्या देशाचा वेष काय, तेथील लोक कसे नाचतात, कसे बोलतात, हे ती आधी आत्मसात करते व मगच तिचे म्हणणे ऐकले जाते. राजशेखराने प्रदेशपरिचयाचे तीन निकष सांगितले असे म्हटले तरी चालेल : लोकांचा वेष, लोकांचे कलाविलास आणि लोकांची वाणी. अलीकडील समाजेतिहासकार नगराचा अभ्यास करताना ज्या अंगांकडे वळतात, त्यांपैकी ही तीन अंगे त्याने एका रूपककथेत आणून ठेवली आहेत.

तथापि येथेच सावध होणे अगत्याचे आहे. वत्सगुल्म राजधानी होते ते चौथ्या व पाचव्या शतकांत. राजशेखर लिहितो तो त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी. त्याच्या काळी विदर्भात राष्ट्रकूटांचा अंमल होता आणि त्यांची राजधानी मान्यखेट ही होती. तेव्हा वत्सगुल्माचे त्याने केलेले वर्णन हे डोळ्यांनी पाहिलेल्या नगराचे वर्णन आहे, की साहित्यपरंपरेत टिकून राहिलेल्या कीर्तीचे? ह्या प्रश्नाचे उत्तर राजशेखराच्या ग्रंथात मिळणार नाही. ते इतर साधनांत शोधावे लागते.

३

त्या साधनांपैकी पहिले म्हणजे राजशेखराचेच ‘कर्पूरमंजरी’ हे प्राकृत सट्टक. ह्यातील नायिका ज्या दाक्षिणात्य नगरातून आणली जाते त्याचे नाव वच्छोम असे दिले आहे, आणि नांदीत मागधी व पांचाली ह्या रीतींच्या जोडीला ‘वच्छोमी’ ही रीती येते. वच्छोम हे वत्सगुल्माचे प्राकृत रूप. आणि वच्छोमी म्हणजे दुसरे काही नसून वैदर्भी रीती. साऱ्या देशाच्या नावाने ओळखली जाणारी रीती एका नगराच्या नावानेही ओळखली जावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. ह्या नगरात उत्तम काव्याची परंपरा एके काळी जोमात असल्यावाचून हे नामकरण संभवत नाही. वच्छोम ह्या रूपातून वाशीम हे आजचे नाव कसे आले असावे, हेही येथे ध्यानात येते. फारसी कागदपत्रांत ‘बाशीम’ व इंग्रजी दप्तरात ‘बासिम’ असे त्याचे लेखन होत गेले. ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत ह्याच नावाचे सरकार नमूद आहे.

दुसरे साधन वात्स्यायनाचे ‘कामसूत्र’. त्यात वात्सगुल्मकांचा निर्देश आहे, आणि तो वैदर्भांहून वेगळा केलेला आहे. परंतु हा निर्देश स्वागताध्यक्षांना फारसा मानवणार नाही. राजांच्या अंतःपुरातील निंद्य रूढी सांगताना वात्स्यायन ह्या नगरीचे नाव घेतो : अमात्यांच्या व अधिकाऱ्यांच्या स्त्रियांना रात्री राजाच्या सेवेस जावे लागे, अशी तेथील रीत तो नोंदवितो. राजशेखराने ज्याला मदनाचे क्रीडास्थान म्हटले, त्याची ही दुसरी बाजू होय. नगरीच्या विलासाची कीर्ती सांगताना तो विलास कोणाच्या इच्छेने व कोणाच्या अनिच्छेने चालत असे, हा प्रश्न इतिहासकाराला टाळता येत नाही. ह्याच ग्रंथावरील ‘जयमंगला’ टीकेत दक्षिणेतील वत्स व गुल्म ह्या दोन राजपुत्रांनी वसविलेले ते वत्सगुल्म, अशी व्युत्पत्ती दिली आहे. स्थानिक ‘वत्सगुल्ममाहात्म्या’ची व्युत्पत्ती ह्याहून निराळी आहे : वत्सऋषीच्या आश्रमाभोवती देवांचे समूह येऊन राहिले, म्हणून वत्सगुल्म. दोन्ही कथा नावावरून रचलेल्या दिसतात. त्यांतून नगराच्या उत्पत्तीचा इतिहास हाती येत नाही. मात्र नगराला आपले नाव उलगडून सांगण्याची गरज वेळोवेळी भासली, हे कळते.

तिसरे साधन अनपेक्षित दिशेने येते. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने आपल्या ‘महाभास्करीय’ ह्या ज्योतिषग्रंथात लंका व मेरू ह्यांना जोडणाऱ्या मध्यरेषेवरील स्थानांची यादी दिली आहे. तीत अवंतीच्या आधी वात्स्यगुल्म हे नगर येते. वाशीम येथील मध्यमेश्वराच्या देवालयाविषयी, ते पृथ्वीच्या मध्यरेषेवर वसले आहे, अशी जी समजूत गावात प्रचलित आहे, तिच्या मुळाशी केवळ भाविकता नसून गणिती ज्योतिषाची एक जुनी परंपरा आहे, असे ह्यावरून दिसते. आधुनिक मोजणीप्रमाणे वाशीम उज्जयिनीच्या पूर्वेस सुमारे सव्वा ते दीड रेखांश आहे, म्हणजे दोहोंच्या स्थानिक वेळेत साडेपाच मिनिटांच्या आसपास अंतर पडते. रेखांश अचूक मोजण्याची साधने नसताना झालेली ही चूक क्षम्यच होय. महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. वाकाटकांचा अस्त होऊन शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही, साऱ्या भरतखंडातील मोजक्या खुणेच्या नगरांत वत्सगुल्माची गणना एक ज्योतिषी करतो. तेव्हा राजशेखराची स्तुती ही अगदी निराधार कविकल्पना नव्हे. ती एका खऱ्या कीर्तीची उशिरा उमटलेली प्रतिध्वनी आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरेल.

४

ही कीर्ती ज्या काळात जन्मली तो काळ मात्र विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत जवळजवळ अज्ञात होता. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वराहदेवाचा लेख एकोणिसाव्या शतकातच वाचला गेला होता. वराहदेव हा वाकाटक नृपती हरिषेण ह्याचा सचिव. परंतु लेखाचा बराच भाग झिजलेला असल्यामुळे आरंभीच्या राजांची नावे नीट लागली नव्हती, आणि वाकाटकांचे एकच राजकुल होते असे मानून विद्वानांनी त्यांची वंशावळ जुळविली होती. १९३९ साली वाशीम येथे विंध्यशक्ती नावाच्या वाकाटक राजाचा ताम्रपट उपलब्ध झाला आणि हे चित्र पालटले. राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील हे दानपत्र वत्सगुल्माहून दिलेले असून त्यात पहिला प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ती असा क्रम स्पष्ट आहे. प्रवरसेनानंतर साम्राज्याची विभागणी झाली, एक शाखा नागपूर-रामटेकच्या परिसरात नंदिवर्धन येथे नांदली व दुसरी सर्वसेनाने इ. स. ३३० च्या सुमारास वत्सगुल्म येथे स्थापिली, हे त्यावरून निश्चित झाले. त्या आधारे म. म. वा. वि. मिराशी ह्यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासून तेथेही सर्वसेनाचे नाव वाचले. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा संबंध ह्या शाखेशी जोडला गेला तो अशा रीतीने. हा सर्वसेन म्हणजेच ‘हरिविजय’ ह्या प्राकृत महाकाव्याचा कर्ता. काव्य आज लुप्त असले तरी आनंदवर्धन, कुंतक, भोज व हेमचंद्र ह्यांच्यासारख्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली आहे. वच्छोमी रीतीच्या कीर्तीला आधार हवा असेल तर तो येथे आहे : राजधानीचा संस्थापकच कवी होता.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ह्या शोधाची हकीकत त्याच्या फलिताइतकीच महत्त्वाची आहे. हा ताम्रपट उत्खननातून निघालेला नाही. तो वाशीमच्याच एका पंडिताकडून उजेडात आला. य. खु. देशपांडे व महाजन ह्या दोन संशोधकांनी त्याचे वाचन केले, आणि ते १९३९ साली कलकत्त्यास भरलेल्या इतिहास परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनाच्या वृत्तान्तात प्रसिद्ध झाले. देशपांडे हे यवतमाळच्या शारदाश्रमाच्या कार्यातून पुढे आलेले वऱ्हाडातील संशोधक. म्हणजे परिषद वाशीमला येण्यापूर्वीच वाशीम परिषदेला जाऊन आले होते, आणि तेही एका गावकऱ्याच्या जतनामुळे व वऱ्हाडातल्या अभ्यासकांच्या चिकाटीमुळे. वत्सगुल्म शाखा हे आज पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एक साधे प्रकरण झाले आहे. ते प्रकरण मुळात एका घरातून बाहेर आले, ही जाणीव ठेवून प्रतिनिधीने ह्या नगरीत प्रवेश करावा.

५

ह्या ताम्रपटाचा वंशावळीचा भाग संस्कृतात असून प्रत्यक्ष दानाचा भाग प्राकृतात आहे. काळ ऋतू, पक्ष व दिवस ह्या सातवाहनकालीन पद्धतीने दिला आहे. दान दिलेले गाव नंदिकडाच्या म्हणजे नांदेडच्या उत्तरमार्गावरचे असून प्रतिग्रहीते अथर्ववेदी ब्राह्मण आहेत. वत्सगुल्माची सत्ता दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचली होती, हे ह्यावरून उघड होते. नगराची भौगोलिक जागाही ह्याला अनुकूल आहे. वाशीम वऱ्हाडच्या बालाघाटात, म्हणजे घाटमाथ्यावर वसले आहे. येथून दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेवाटे गोदावरीकडे जाते, तर जवळच उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेला व तिच्यावाटे तापीला मिळते. दोन खोऱ्यांच्या मधल्या पाणलोटावर बसून दोन्हीकडील मार्गांवर नजर ठेवता येईल, अशी ही जागा आहे.

ताम्रपटातील जो भाग परिषदेच्या प्रतिनिधीने मुद्दाम वाचावा तो मात्र सवलतींच्या यादीचा. दान दिलेल्या गावाला कोणत्या गोष्टी माफ आहेत हे तेथे एकामागून एक सांगितले आहे. गावात सैनिकांनी शिरू नये; मीठ खणण्याविषयीचा राजाचा हक्क तेथे चालू नये; फुले व दूध घेऊ नये; कातडी व कोळसा मागू नये; वेठ लावू नये. ह्याच यादीत एक सामासिक शब्द आहे, त्याचा पूर्वार्ध ‘खट्टा’ म्हणजे खाट असा आहे. मिराशींनी लावलेल्या अर्थाप्रमाणे फिरतीवरील अधिकाऱ्यांना खाटा, पाण्याची भांडी व नोकर पुरविण्याच्या बंधनातून ह्या गावाला मुक्त केले आहे. शब्दाच्या उत्तरार्धाच्या अर्थाविषयी मतभेदाला जागा असली तरी खाटेविषयी ती नाही. पल्लवांच्या प्राकृत दानपत्रांतही अशीच माफी आढळते.

माफीची ही यादी उलट बाजूने वाचली पाहिजे. एका गावाला जे माफ झाले, ते ज्या गावांना माफ झाले नव्हते त्यांच्याकडून नियमाने घेतले जात होते. राजधानीहून निघालेला अधिकारी गावात उतरला की त्याची खाट, त्याचे पाणी, त्याचे दूध, त्याच्या पूजेची फुले ही सारी गावाने पुरवावयाची. मदनाच्या क्रीडास्थानाला लागणारी फुले अशी दुरून येत. नगराच्या गजबजलेल्या, रसिक जीवनाची किंमत त्याच्या आसमंतातील खेडी देत होती, आणि ती किंमत काय होती ह्याची जवळजवळ दरपत्रकासारखी नोंद त्या नगराच्याच ताम्रपटात राहिली आहे. पुढे अजिंठ्याच्या लेखात, देवसेन राजाने राज्यभार हस्तिभोज ह्या सचिवावर सोपवून स्वतः सुखोपभोगात काळ घालविला, असे सांगितले आहे. लेख लिहविणारा वराहदेव हा हस्तिभोजाचाच पुत्र. तेव्हा ह्या विधानात पित्याच्या गौरवाचा हेतू असणारच. हरिषेणाच्या साम्राज्याचा त्याच्यामागे झपाट्याने विलय झाला. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत व्यसनी राजामुळे विदर्भाचे राज्य कसे बुडते ह्याचे जे चित्र आहे, त्यात ह्याच घटनेचे पडसाद असावेत, असे मत मिराशींनी मांडले. ते अनुमानच आहे. पण विलास व विनाश ह्यांचा संबंध पुढील पिढ्यांच्या स्मृतीत जुळला होता, इतके तरी त्यावरून म्हणता येते.

६

खेड्यांकडून काय येत होते ते ताम्रपटावरून कळते. नगराकडून खेड्यांकडे काय गेले ह्याचे उत्तर एका शिलालेखात आहे. वाशीमपासून काही मैलांवर हिस्से-बोराळा हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तेथे देवसेनाच्या कारकिर्दीतील लेख प्रकाशात आला. स्वामिल्लदेव ह्या राजाधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा जलाशय बांधविल्याचे त्यात नमूद आहे. वाकाटकांचे इतर लेख केवळ राज्यवर्षे देतात. ह्या लेखात मात्र शकाचे ३८० हे वर्ष, म्हणजे इ. स. ४५७-५८, दिलेले आहे. त्यामुळे देवसेनाचा व पर्यायाने अजिंठ्याच्या लेण्यांचा काळ ठरविण्यास एक पक्का खुंटा मिळाला.

जलाशयाचे नावही विचार करण्यासारखे आहे. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी मौर्यकाळापासून सुदर्शन ह्याच नावाचे सरोवर होते. रुद्रदामन् ह्याने इ. स. १५० च्या सुमारास व गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या चक्रपालित नावाच्या अधिकाऱ्याने इ. स. ४५६-५७ मध्ये त्याचा फुटलेला बांध दुरुस्त केला. गिरनारचा बांध सावरला जात होता आणि वत्सगुल्माजवळ दुसरे सुदर्शन बांधले जात होते, ह्या दोन घटनांत एखाद्या वर्षाचेच अंतर दिसते. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे सिद्ध करण्यास पुरावा नाही. पण पाणी साठविणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे व त्याला एक मान्यताप्राप्त नाव आहे, ही समज दोन्ही प्रदेशांत समान होती. पाणलोटावर वसलेल्या नगराला पाणी साठविल्यावाचून गत्यंतर नाही. जे पाणी दोन्ही उतारांनी वाहून जाते, ते अडविले तरच नगर टिकते.

हीच गोष्ट पुढील काळातही दिसते. माहात्म्याने ह्या नगरीत एकशे आठ तीर्थांची परंपरा सांगितली असून त्यांत पद्मतीर्थाला मोठा मान आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांच्या सेवेतील भवानी काळू ह्यांनी बालाजीचे देवालय बांधविले, आणि त्याच्यालगतही तलाव आहेच. माहात्म्यातील तीर्थे, वाकाटकांचे सुदर्शन व भोसलेकालीन देवतलाव ह्यांच्या भाषा निराळ्या आहेत : एक पुण्याची, दुसरी राजधर्माची, तिसरी भक्तीची. पण तिन्ही एकाच गरजेतून निघाल्या आहेत. परिषदेस आलेल्या प्रतिनिधीस एकच फेरफटका मारण्याइतका वेळ असेल, तर त्याने देवालयांची यादी हातात न घेता पाण्याच्या जागा पाहत हिंडावे. नगराचा सर्वांत अखंड इतिहास त्याला तेथे भेटेल.

७

जिल्ह्यातील कारंजा ह्या दुसऱ्या नगरीचा निर्देश केल्यावाचून हा परिचय अपुरा राहील. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात, व भट्टारकांच्या पीठांचे गाव म्हणून जैन संप्रदायात कारंजाची ख्याती आहे. मराठ्यांच्या इतिहासात शिवाजी महाराजांनी १६७० साली लुटलेली संपन्न पेठ म्हणून ते येते. विद्येच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान तेथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांमुळे आहे. रायबहादुर हिरालाल ह्यांनी तयार केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीत, जी १९२६ साली प्रसिद्ध झाली, कारंजाच्या पोथ्यांना मोठी जागा मिळाली. पुढे डॉ. हिरालाल जैन व डॉ. प. ल. वैद्य ह्यांनी कारंजाच्या ग्रंथमालांतून अपभ्रंश काव्ये संपादून काढली. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहिलेल्या पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली व ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. मराठीच्या पूर्वपीठिकेचा विचार आज ज्या अपभ्रंश ग्रंथांवाचून करता येत नाही, त्यांपैकी काही असे मंदिराच्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले होते.

वाशीमचा ताम्रपट व कारंजाच्या पोथ्या ह्या दोन्ही प्रकरणांत एकच गोष्ट दिसते. ह्या जिल्ह्याने विद्येला जे दिले, ते मुख्यतः घरांनी व देवळांनी सांभाळून दिले. देवसेनाचे एक दानपत्र लंडनच्या इंडिया ऑफिसात जाऊन पडले, हरिषेणाचा ताम्रपट खानदेशात थाळनेर येथे मिळाला. राजधानीचे कागद असे दूरवर पांगले. जे गावात राहिले ते गावकऱ्यांच्या आस्थेवर राहिले. जुनी घरे पाडून नवी बांधली जात असताना, दप्तरे व पोथ्या अडगळ ठरत असताना, ही आस्था किती काळ पुरेल हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांपुढे उभा आहे, व त्याचे उत्तर परिषदेच्या व्यासपीठावरून केलेल्या ठरावांनी मिळणारे नाही.

म्हणून यजमान नगराचा परिचय करून घेणे ह्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. प्रतिनिधीने येण्यापूर्वी राजशेखराची कथा वाचावी, पण तिचा काळ ध्यानात ठेवून वाचावी. विंध्यशक्तीचे दानपत्र वाचावे, आणि त्यातील राजांच्या नावांपाशी न थांबता खाटांच्या माफीपर्यंत यावे. हिस्से-बोराळ्याच्या लेखाचे वर्ष टिपून घ्यावे. गावात आल्यावर पाण्याच्या जागा पाहाव्यात व गावातील जाणत्यांशी बोलावे. ज्या विभागातर्फे तो आला असेल त्या विभागाने परिषदेच्या दिवसांत एक लहान टेबल मांडून, गावकऱ्यांनी आणलेल्या जुन्या कागदांची व पोथ्यांची केवळ नोंद करून ते मालकाला परत दिले, तरी पुष्कळ काम होईल. फिरतीवरच्या अधिकाऱ्याला खाट व पाणी पुरविणारी गावे त्याच्या हिशेबात फक्त करापुरती होती. फिरतीवरच्या विद्वानाने तरी आपला हिशेब निराळा ठेवावा, आणि ज्या नगराचे अन्नपाणी तो घेतो त्या नगराच्या नोंदीत एखादी ओळ वाढवून निघावे.